काकांचं लक्ष दुधाकडे

(वसतिगृहाची खोली. रात्रीचे दोन. सकाळी दहाला फिल्म जमा करायची आहे. लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतोय.)

दिग्दर्शक : बापाचं रडणं कुठे गेलं?

संकलक : कापलं.

दिग्दर्शक : अरे, कॅन्टीनच्या काकांना दिवसभर रडवलंय मी! ग्लिसरीन संपलं!

संकलक : तेच दिसतं. प्रत्येक टेकमध्ये काका रडत नाहीत, रडायचा प्रयत्न करतात. हे बघ.

(स्पेसबार दाबतो. काका एकटक बघतायत. कट. रिकामा झोपाळा.)

दिग्दर्शक : (घसा दाटून) काय डोळे आहेत! पोरगा कायमचा परदेशी गेल्याचं सगळं आलं. हा कुठला टेक?

संकलक : टेक नाही. तू ‘ॲक्शन’ म्हणायच्या आधीचं आहे. काकांचं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे होतं.

दिग्दर्शक : दुधाकडे?

संकलक : कुलेशॉव्हचा प्रयोग विसरलास? नट मोझ्झुखिनचा तोच चेहरा. पुढे सूप जोडलं की माणूस भुकेला, शवपेटी जोडली की शोकात. 1919 साली मॉस्कोत फिल्म स्कूल निघालं, तेव्हा कच्ची फिल्म मिळायची मारामार. पोरं जुनी रिळं कापून-जोडून शिकली. तुझ्याकडे कार्डात जागाच जागा, म्हणून तू काकांना रडवत बसतोस.

दिग्दर्शक : मग मी काय दिग्दर्शन केलं?

संकलक : कॅमेरा लवकर चालू केलास.

दिग्दर्शक : फार शहाणपणा नको. पहिल्या सेमिस्टरला प्रत्येक कटला डिझॉल्व्ह टाकायचास. तुझा नायक जिना चढेपर्यंत पाचदा विरघळला होता!

संकलक : कट दिसला नाही तर मी काय काम केलं ते घरच्यांना कळणार कसं? मग सरांनी फिल्म आवाज बंद करून बघायला लावली, आणि नंतर चित्र बंद करून. आज तसंच चित्र बंद केल्यावर हा झोपाळा ऐकू आला. आता बघ, करकर बारा फ्रेम आधी घेतो.

(पुन्हा लावतो. काकांच्या चेहऱ्यावरच करकर सुरू होते, झोपाळा मागून येतो.)

दिग्दर्शक : अर्धाच सेकंद सरकवलास... पण आता त्यावरून कोणीतरी नुकतंच उठून गेलंय!

(काका चहा घेऊन येतात, पडद्याकडे बघत थबकतात.)

काका : हा मी? दोन लिटर दूध उतू गेलं तेव्हाचा! (पुन्हा बघतात. उपरण्यानं डोळे टिपतात.) पोरगा येतो का रे शेवटी?

संकलक : येत होता, काका. सीन लांबला म्हणून कापला.

काका : मेल्या!

दिग्दर्शक : तिथे माझा सूर्योदय टाक ना. पर्वती टेकडीवरचा. चार मिनिटांचा आहे.

संकलक : तो सुरुवातीला होता. नुसतं कॅलेंडर वाटत होतं. (कुरकुरत जोडतो.)

(झोपाळा. कट. सूर्य.)

काका : अरेच्चा, रात्रभर बसून राहिला होय बिचारा?

दिग्दर्शक : (टुणकन उडी मारून) बघ! ठेव सगळा!

संकलक : चार सेकंद.

दिग्दर्शक : अरे, ट्रायपॉड खांद्यावर घेऊन 103 पायऱ्या चढलोय!

संकलक : त्या पडद्यावर दिसत नाहीत.

काका : त्याचं ऐक जरा. पोरगं दमलंय.

संकलक : बरं, पाच. पण दुधाचे पैसे हा देणार.