शेक्सपिअरवरचा संशयात्मा

हा गृहस्थ स्ट्रॅटफर्डला येतो, पण हेन्ली स्ट्रीटवरच्या शेक्सपिअरच्या घरात पाऊल टाकत नाही. आत जाणाऱ्यांकडे, चोराला देणगी देऊन निघालेल्या भाबड्यांकडे बघावं तसं बघतो. खिशात घडीचा कागद असतोच. त्यावर शेक्सपिअरच्या 6 सह्या, एकीसारखी दुसरी नाही.

"स्वतःचं नाव धड लिहिता येईना, आणि 'हॅम्लेट' लिहिणार?"

(त्याच्या स्वतःच्या सहीवरून बँकेने किती चेक परत पाठवले, हे विचारू नये.)

खरं दुखणं सह्यांचं नाहीच. हातमोजे शिवणाऱ्याचं पोर, विद्यापीठाची पायरी न चढलेलं, माल्टच्या उधारीपायी गावातल्या औषधवाल्याला कोर्टात खेचणारं. आणि त्याला राजेलोकांच्या मनातलं कळावं? मृत्युपत्रात पुस्तकांचा उल्लेख नाही. बायकोला काय, तर दोन नंबरचा पलंग! हे तो अशा कळवळ्याने सांगतो की पलंग त्याच्याच गळ्यात पडला असावा.

त्याला लेखक हवा खानदानी. ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड द व्हीअर लगेच पसंत पडतो. अर्ल 1604 मध्ये वारला आणि 'टेम्पेस्ट' त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं, असं म्हणावं तर उत्तर तयार: "लिहून ठेवलं होतं." दुसरा उमेदवार नाटककार मार्लो. त्याला 1593 मध्ये डेप्टफर्डला भोसकलं म्हणावं, तर "तो मेलाच नव्हता." मरण त्याला चालतं, हलकं कुळ चालत नाही.

या पंथातलं नररत्न म्हणजे डेट्रॉइटचे डॉक्टर ऑर्व्हिल ओवेन. त्यांनी दोन भलेमोठे रीळ उभे केले, त्यांवर हजार फूट कापड गुंडाळलं, कापडावर पुस्तकांची पानं चिकटवली आणि रीळ फिरवत, त्यांच्या मते खरा लेखक असलेल्या फ्रान्सिस बेकनचे गुप्त निरोप वाचायला घेतले. निरोपांतून कळलं की पुरावे वाय नदीच्या तळाशी पुरलेत. मग 1911 मध्ये चेपस्टोला मजूर लावून नदीचा गाळ उपसणं आलं. गाळ भरपूर निघाला.

एकदा मी विषय काढला, की 1623 मध्ये हेमिंग्ज आणि कॉन्डेल या सोबतच्या नटांनी 36 नाटकांचा ग्रंथ शेक्सपिअरच्याच नावाने काढला. शिवाय शेक्सपिअरने मृत्युपत्रात या दोघांना अंगठ्या घ्यायला पैसेही ठेवले होते. ओळख जुनी होती.

त्याने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली.

"तेच म्हणतोय मी! अंगठ्या कशाबद्दल? तोंड बंद ठेवण्याबद्दल!"