थोरल्याचं कॅरेट

वाकडच्या सोसायटीत कुत्रा लिफ्टमध्ये मावत होता, पण तो आत असला की दुसरं कुणी मावत नव्हतं. सोसायटीच्या सेक्रेटरींना दोनदा जिन्यानं उतरावं लागलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या भाच्याला आजोळ आठवलं. "मामा, तुमच्याकडे मोकळी जागा आहे. थॉरला आवडेल."

पुण्यात अडचण झालेल्या कुठल्याही वस्तूला गावची मोकळी जागा आवडते, अशी पुण्याची समजूत आहे. जुना सोफा, चालायचं यंत्र, सासऱ्यांचा आरामखुर्च्यांचा सेट, सगळं आमच्या राहुरी तालुक्यातल्या वस्तीवर आनंदानं नांदतंय. त्यात आता ग्रेट डेन. गाडीच्या मागच्या सीटवर तो एकटाच बसून आला आणि उतरला तेव्हा आमच्या म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला. तिला वाटलं, पाहुणे आले. 'थॉर' तिच्या तोंडात बसेना, म्हणून तासाभरात त्याचा 'थोरला' झाला. आमचा जुना खंड्या आपोआप धाकला.

निघताना भाचा म्हणाला, "एकच करा मामा, रात्री त्याला क्रेटमध्ये ठेवा. सवय आहे त्याला."

मी म्हटलं, "कॅरेट ना? शेडमध्ये पन्नास पडलेत."

नगर जिल्ह्यात कॅरेट म्हणजे वीस किलो टोमॅटो. अकोल्यापासून राहुरीपर्यंत या शब्दाला दुसरा अर्थ नाही. मी एक धुऊन आणलं. थोरल्यानं त्यात पुढचा एक पाय ठेवला आणि उरलेल्या कुत्र्याचं काय करायचं, अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

मग भाच्यानं खुलासा केला. पिंजऱ्याला पिंजरा म्हटलं तर कुत्र्याच्या मनाला लागतं, म्हणून क्रेट म्हणायचं. ती त्याची हक्काची खोली असते. आणि खोलीचे तीन नियम: कुत्र्याला आत सरळ उभं राहता आलं पाहिजे, डोकं न आपटता वळता आलं पाहिजे आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. या तीन नियमांत बसणारी खोली मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी नगरला कापड बाजाराच्या मागे शोधत होतो, तेव्हा मिळाली नव्हती. पण ते असो.

माप घेतलं. शिवणाची टेप साठ इंचांची, तिनंच निभावलं. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत सेहेचाळीस इंच, वर चार इंच मोकळे धरायचे. मान वर केली की उंची चव्वेचाळीस. कांद्याच्या काट्यावर वजन भरलं अडुसष्ट किलो. कारखान्याच्या काट्यावर मुद्दामच नेलं नाही, तिथं तो साठच भरला असता.

दुकानात मिळणारा मोठ्यातला मोठा पिंजरा अठ्ठेचाळीस इंच. म्हणजे थोरल्याला त्यात बसवायचं म्हटलं तर दोन इंच शेपूट आणि संपूर्ण स्वाभिमान बाहेर. चोपन्न इंची पिंजरा परदेशातून येतो, आणि त्याच्या किमतीत घोडेगावच्या बाजारात दोन गाभण शेळ्या येतील, घासाघीस जमली तर वर एक करडू. ती किंमत तारेची नव्हे, खोक्यावर छापलेल्या हसऱ्या कुत्र्याची असावी. तरी मागवायला बसलो. एका साईटवर आमचा जिल्हा अजून अहमदनगर होता, दुसरीवर अहिल्यानगर झाला होता. नामांतराचा एवढा मोठा प्रश्न, पण एका बाबतीत दोघींचं एकमत: आमच्या वस्तीपर्यंत सेवा उपलब्ध नाही.

शेवटी राहुरी फॅक्टरीवरचा वेल्डिंगवाला गाठला. त्यानं काळा चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "सर, आधी एक सांगा. कुत्रं बाहेर जाऊ नये म्हणून पिंजरा पाहिजे, का बिबट्या आत येऊ नये म्हणून?"

एवढा मूलभूत प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

"दोन्हींत फरक काय?"

"लई फरक. पहिल्याला तीन सुती गज चालतोय, गॅप कसाबी ठेवा. दुसऱ्याला पाच सुती, गॅप असा पाहिजे की पंजा आत जायला नको. खाली पत्रा, वर पत्रा, आन् वजन असं की पालथा नाय झाला पाहिजे. किलोवर रेट हाये, त्यामुळं दुसरा महाग." मग आवाज उतरवून म्हणाला, "तिसराबी हाये. बिबट्या आत यावा म्हणून. मागं शेळीचा कप्पा, पुढं पाय पडला की फळी दबती आन् दार खाली. त्याचं माप तोंडपाठ हाये आपल्याला. कुत्र्याच्या खोलीचं आजच ऐकलं."

तिसऱ्या प्रकारात मागच्या कप्प्यात कधी शेळी असते आणि कधी कुत्रं. म्हणजे पुण्यात पिंजऱ्यातला कुत्रा हा घरचा लाडका असतो आणि आमच्याकडे पिंजऱ्यातला कुत्रा हा सरकारी कामकाजाचा भाग असतो. हे मी भाच्याला कळवलं नाही.

बिबट्याला कुत्र्याचं वेड आहे, हे म्हातारी पूर्वीपासून सांगते. पण म्हातारीला विष्ठेचा पुरावा नव्हता. तो वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या अकोले तालुक्यात गोळा केला. 2014 साली तो अभ्यास छापून आला. या जिल्ह्यात सर्वेक्षणं उदंड झाली, पण जेवणाऱ्याच्या ताटाच्याही पुढच्या टप्प्यापर्यंत जाणारं हे पहिलंच. हिशेब असा निघाला: बिबट्याच्या पोटात गेलेल्या मांसात वजनानं 39 टक्के कुत्रं, 15 टक्के मांजर आणि शेळी फक्त 11 टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असून! कारण उघड आहे. शेळीला बाजारात किंमत आहे म्हणून ती रात्री दाराआड जाते. कुत्र्याला किंमत नाही म्हणून तो राखणीला बाहेर राहतो. शेळी गेली तर पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज होतो, अर्जासाठी हेलपाटे होतात. कुत्रं गेलं तर सकाळी साखळी सापडते.

आता या हिशेबात थोरला बसवून पाहा. मोठा नर बिबट्या साठ-सत्तर किलोचा. थोरला अडुसष्ट. म्हणजे तो बिबट्याच्या तोलाचा आहे आणि हे त्या दोघांपैकी एकालाच माहीत नाही. या जातीचा डेन्मार्कशी काही संबंध नाही, जर्मनीत रानडुकरांच्या शिकारीसाठी ती तयार झाली, असं भाच्यानं जाताना अभिमानानं सांगितलं होतं. दुसऱ्याच रात्री मकेत रानडुकरं शिरली. खंड्या भुंकत बांधापर्यंत गेला. जर्मन शिकारी स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्यामागे लपला. त्याचा मागचा अर्धा भाग ओसरीवरच राहिला, तो म्हातारीनं घोंगडीनं झाकला.

बिबट्या मात्र पूर्ण स्थानिक. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यामागोमाग जिल्ह्यात ऊस पसरत गेला. त्या हिरव्या, गार, माणूस न फिरकणाऱ्या वर्षभराच्या निवाऱ्याचा सर्वांत मोठा बिगरसभासद लाभार्थी कोण, हे कुठल्या वार्षिक अहवालात छापलेलं नाही. देशातल्या बिबट्यांच्या 2022 च्या मोजणीत महाराष्ट्राच्या वाट्याला 1,985 आले. पण ती मोजणी मुख्यतः जंगलातली. आमच्या बिबट्यानं जंगल कॅलेंडरावर पाहिलंय. तो उसात जन्मतो. तोडणी आली की सरीत त्याची पिल्लं सापडतात. मग वन खात्याची माणसं ती पिल्लं खोक्यात नाहीतर कॅरेटात ठेवून दूर उभी राहतात आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. म्हणजे कॅरेटात बिबट्या मावतो. मावत नाही तो कुत्राच.

काही जण गाव सोडूनही जातात. 2009 मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तर पठ्ठ्या सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून मुंबईला गेला. त्याचं नाव 'आजोबा'. त्याच्यावर सिनेमासुद्धा निघाला. आमच्या जिल्ह्यातून मुंबईत जाऊन जागा मिळवलेल्या मोजक्या यशस्वी लोकांत त्याची गणना व्हायला हवी. सोसायटीची परवानगी त्याला लागली नाही.

2025 च्या नोव्हेंबरात मात्र हा विषय हसण्याचा उरला नाही. आपल्याच जिल्ह्यात लेकरं गेली. त्यावर मी काही लिहिणार नाही. जे लिहायचं ते त्यानंतरच्या उपायांवर. शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या बायका खिळ्यांचे पट्टे गळ्यात बांधून खुरपायला जाऊ लागल्या. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बांधतो तोच पट्टा. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाला जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश करून आले. बिबट्या त्यांच्यामुळे विधिमंडळापर्यंत पोचला, म्हणजे प्रतिनिधित्वाचा प्रश्न तरी सुटला. वनमंत्री गणेश नाईकांनी एक कोटी रुपयांच्या शेळ्या जंगलात सोडायची कल्पना मांडली, म्हणजे बिबट्या तिकडेच जेवेल. कल्पना उत्तम. फक्त बिबट्या जंगलात नाही आणि त्याच्या ताटात शेळी तिसऱ्या नंबरला आहे. एक कोटीची कुत्री सोडा, असं म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. तशी ती आधीच सोडलेली आहेत, प्रत्येक गावाच्या वेशीवर, फुकट.

तर पिंजरा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच, पाच सुती गज, किलोवर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून तो फाट्यावरून वस्तीकडे निघाला आणि मी मागून मोटारसायकलवर. पहिल्या वस्तीवर दोघं मागे लागली. पाटाच्या पुलावर दहा. घरी पोचेपर्यंत अर्धा गाव. गावानं पिंजऱ्यासाठी ठराव करून वन खात्याकडे अर्ज दिलेला होता, तो कुठल्या तरी टेबलावर पिकत होता. आता लोखंड डोळ्यांनी दिसल्यावर कुणाला काय सांगणार? एका होतकरू पुढाऱ्यानं पिंजऱ्यासमोर उभं राहून फोटो काढला आणि संध्याकाळच्या आत तो 'पाठपुराव्याला यश' या मथळ्याखाली साऱ्या तालुक्यात फिरला. फोटोच्या कोपऱ्यात माझी कोपरं आली आहेत.

"सर, दार कसं पडतंय?"

"पडत नाही. लावावं लागतं."

"मग बिबट्यानं आत जाऊन स्वतःच कडी लावायची व्हय?"

मी समजावलं, की हा कुत्र्याचा आहे. मंडळींनी थोरल्याकडे नीट पाहिलं. एक म्हातारेबाबा पुढे आले, त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि कौतुकानं म्हणाले, "भक्ष्य मात्र झकास आणलंय मास्तरांनी. याच्यावर तर चार गावचे येतील."

रात्री थोरल्याला आत घालायचा प्रयोग झाला. बिस्किट दाखवलं, भाकरी दाखवली, शेवटी मी स्वतः आत जाऊन बसलो. तो बाहेर बसून माझ्याकडे पाहत राहिला, आणि मला क्षणभर वाटलं, आता हा कडी लावतो. म्हातारीनं वाद मिटवला. तिनं आपल्या चार शेळ्या आणि दोन करडं पिंजऱ्यात घातली, वर कोंबड्यांची पाटी ठेवली आणि थोरल्याला घरात घेतला. खंड्यालाही घेतला. "दोघं आतच बरे. बाहेर काय चोरायला येतंय?" आमच्याकडून तासाभरावर शनिशिंगणापूर. तिथं घराला दार नसतं. 2011 मध्ये तिथं बँकेची शाखा निघाली तीसुद्धा बिनकुलपाची. म्हातारीचा त्या गावावर फार विश्वास आहे, पण तिचं मत असं, की शनिमहाराज चोराचं बघतात. बिबट्याचं खातं वेगळं.

आठवडाभर शेळ्या चोपन्न इंचांहून ऐसपैस खोलीत राहिल्या. मग पलीकडच्या वस्तीवरची बाई व्यालेली शेळी घेऊन आली, तिला दोन रात्री जागा दिली. मग पाटाखालच्यांनी पिंजराच चार दिवस मागून नेला. सध्या तो तिसऱ्या वस्तीवर आहे आणि पुढे दोघांचे नंबर लागलेत. त्यातल्या एकाला तो कुक्कुटपालनासाठी हवाय आणि दुसऱ्यानं कारण सांगितलं नाही, पण त्याच्या शेतीपंपाला रात्री बाराची लाईट आहे.

भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, थॉर क्रेटमध्ये झोपतो ना?" मी कॅमेरा फिरवला. थोरला माझ्या गादीवर आडवा, खंड्या त्याच्या पोटाशी, मी खाली सतरंजीवर. खिडकीला गज, दाराला आतून अडसर. "वा," तो म्हणाला, "केवढा मोठा आहे क्रेट!"

काल वेल्डिंगवाला परत आला होता. म्हातारीनंच बोलावलं. ओसरी उघडी आहे, तिला पुढून जाळी ठोकायची. वरून पत्रा, गॅप असा की पंजा आत जायला नको. त्यानं टेप काढली, लांबी-रुंदी लिहून घेतली, मग पेन्सिल कानाला लावून मला म्हणाला, "सर, जरा सरळ उभे ऱ्हावा." मी उभा राहिलो. त्यानं डोक्यावर टेप धरली. "आता तिथल्या तिथं वळून दाखवा."