वन कागदावर, बंगले डोंगरावर

फरीदाबादच्या अरवली डोंगरातल्या कांत एन्क्लेव्ह या वसाहतीची जमीन हरियाणा सरकारने 1992 साली पंजाब भू-संरक्षण कायद्याखाली, म्हणजे मातीची धूप रोखण्यासाठी वृक्षतोडीवर निर्बंध घालणाऱ्या 1900 च्या कायद्याखाली, आणली आणि त्याच सरकारच्या नगररचना खात्याने तिथे बंगले उठू दिले. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, हे दानाचे पथ्य अरवलीत खातेवाटपालाही लागू झालेले दिसते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली 18 ऑगस्ट 1992 नंतरची बांधकामे पाडायला सांगितली, बंगलेवाल्यांना 50 लाखांची भरपाईही देवविली. त्यावर विधानसभेने 2019 साली कायद्यातच दुरुस्ती मंजूर केली, तिलाही न्यायालयाने रोखले. त्याच फरीदाबादेत सूरजकुंडाजवळच्या खोरी गावातली सुमारे 10 हजार घरे हटवण्यासाठी मात्र 2021 साली, ऐन करोनाकाळात, सहा आठवड्यांची मुदत मिळाली.