समृद्धीवरून ट्राउट

ऐनवेळी ठरलेल्या सहलीचा फायदा एकच: विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून मुंबईची कॅम्परव्हॅन समृद्धी महामार्गाने भर मे महिन्यात वर्ध्यात उतरते. या दिवसांत गर्दी नसते, हा हिशेब बरोबरच आहे. गर्दी का नसते, हे मात्र कुणी विचारत नाही.

हवी आहे ट्राउट. तिला पाणी लागतं २० अंशांच्या आतलं, आणि इथे सावलीतच पारा ४५. इंग्रजांनी हा मासा १९००च्या सुमारास काश्मिरात नेला, सेलू तालुक्यात नव्हे. तेवढी अक्कल त्यांना होती. बोर धरणाकडे जावं, तर ते २०१४पासून व्याघ्र प्रकल्पात. तिथे गळ घेऊन बसणाऱ्याकडे वाघ कोणत्या नजरेने पाहील, कोण जाणे. पवनारला धाम नदीत पाण्यापेक्षा खडकच जास्त.

काठावरचा ढिवर कार्बन फायबरची काठी उलटसुलट करून बघतो. "कायचा ट्राउट, भाऊ? मरळ भेटन कुठं डोहात. पण ते याच्यानं नाई येत."

संध्याकाळी निदान थंडगार बिअर तरी, म्हणून व्हॅनचा फ्रिज उघडला जातो. जिल्ह्यात दारूबंदी आहे, हेही ऐनवेळीच कळतं.