हेल्मेट आरशाला, मत पेटीत

युगांडाच्या कंपालात पायघोळ गोमेसी नेसलेली बाई बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसते. मधे पोर, मांडीवर पिशवी. हेल्मेट एकच, चालकाचं. तेही आरशाला लटकलेलं. चौकात पोलीस दिसला की डोक्यावर चढतं. प्रवाशासाठी दुसरं ठेवलं, तरी दिवसभर परक्या डोक्यांचा घाम प्यायलेलं ते प्रकरण ताज्या घातलेल्या वेण्यांवर कोण चढवणार? सेफबोडा कंपनीनं त्यावर आत घालायच्या जाळीच्या टोप्या वाटल्या. सरकारला एवढंही सुचलं नव्हतं.

हेल्मेटनं दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी घटतो, हे संशोधकांनी केव्हाच मोजून ठेवलंय. कंपालाच्या मुलागो रुग्णालयातल्या डॉक्टरांना आकडेवारी लागत नाही, ते रोज टाके घालतात.

चालकाला शिव्या घालणं सोपं. पण गाडी बहुधा त्याची नसते. संध्याकाळी मालकाचे ठरलेले पैसे द्यायचे, नाहीतर कर्जाचा हप्ता. सिग्नलला थांबला, तेवढं पोटातून गेलं. त्याला शिस्तीचं प्रवचन देणारे साहेबच उशीर झाला की गाडी ट्रॅफिकमध्ये सोडून त्याच्या मागे बसतात आणि म्हणतात, ‘जरा दामट बाबा.’

आता सरकारांची मर्दुमकी. 2020 साली करोना आला आणि युगांडानं बोडावर प्रवासी बसवणं बंद केलं. मार्चअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत बंदी टिकली! विषाणूसाठी जमतं ते फुटक्या डोक्यासाठी जमत नाही, कारण विषाणूला मत नसतं. केनियात मार्च 2022 मध्ये नैरोबीत एका महिला मोटारचालकावर काही बोडावाल्यांनी हल्ला केला. राष्ट्राध्यक्ष केन्याटा संतापले, देशभर धरपकड सुरू झाली, सगळ्यांची नव्यानं नोंदणी करायचं ठरलं. आठवडाभरात कारवाई गुंडाळली. ऑगस्टमध्ये निवडणूक होती ना! प्रचारात मग सगळ्यांनाच बोडावाले सख्ख्या भावासारखे.

हे होतच नाही म्हणावं, तर शेजारी रवांडातलं किगाली आहे. तिथल्या मोटोवाल्याकडे, म्हणजे त्यांच्या बोडावाल्याकडे, प्रवाशाचं हेल्मेट असतंच, प्रवासी एकच, आणि तो बसल्याबरोबर निमूट ते घालतो. रवांडाच्या राजवटीबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण हेल्मेट घातलंय एवढं खरं.

आपल्याला काय त्याचं? कंपाला-नैरोबीत बोडासाठी हमखास दिसणारी गाडी म्हणजे बॉक्सर, आपल्या पुण्याच्या बजाजची. हेल्मेटसक्तीविरोधात कृती समिती काढणारं गाव तेच. गाडी निर्यात केली, बाकी त्यांचं त्यांनाच सुचलं असावं.