हवेतला एफएसआय

आमचे भाऊ (धंदा बांधकामाचा, छंद जनसेवेचा) यंदा उमेदवारी अर्ज भरायला हेलिकॉप्टरने निघणार होते. जुहूहून उडायचं, भायखळ्यात आपल्या वॉर्डावर दोन घिरट्या घालायच्या आणि महालक्ष्मी रेसकोर्सवर उतरायचं. ताशा ठरला, फेटे आले. अडलं ते आकाशात.

नियम असा: दाट वस्तीवरून उडताना 600 मीटरच्या परिघातला जो सर्वांत उंच अडथळा, त्याच्याही 300 मीटर वर राहायचं. सूट उड्डाण घेताना आणि उतरताना.

"कोण आहे अडथळा? नाव सांगा," भाऊ गरजले.

वैमानिकाने नकाशावर बोट ठेवलं. भाऊंचाच टॉवर! उंची 200 मीटर. म्हणजे घिरट्या 500 मीटरवरून. तिथून मतदारांना भाऊ दिसणार नाहीत, भाऊंना मतदार दिसणार नाहीत. दुसरी गोष्ट तशी नेहमीचीच. पहिली परवडणारी नव्हती.

"समुद्रावरून चला. तिथे 150 मीटर चालतात."

"माशांना मत असतं का?"

"मलबार हिलकडून वळू?" कार्यकर्त्याने सुचवलं. तिथे पारशांच्या डुंगरवाडीवर उड्डाणबंदी. तुर्भ्याला जावं, तर अणुसंशोधन केंद्रावरही तीच. शिवाय फ्लाइट प्लॅन भरा, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक घ्या, हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक घ्या, आणि एवढं करूनही सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानांमधून वाट देणार नियंत्रण कक्षच.

"मी कोण, ते सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं. त्यांनी हेलिकॉप्टरचा नोंदणी क्रमांक विचारला."

भाऊंना हा अपमान वाटला. रस्त्यावर त्यांच्या ताफ्यासाठी सिग्नल थांबतो; वर मात्र तेच थांबणार! त्यात डोळ्यांच्या भरवशावरचं उड्डाण सूर्यास्तानंतर 20 मिनिटांत संपवावं लागतं. महाराष्ट्रात नेत्यांचं भाषण आवरण्याची ताकद फक्त मावळत्या सूर्यात आहे, हे मतदारांना केव्हाचं ठाऊक आहे.

शेवटी भाऊ मोटारीने गेले आणि अर्ज भरून आले. तेव्हापासून मात्र गप्प होते. काल नगररचना खात्यातल्या ओळखीच्या साहेबांना त्यांनी फोन लावला.

"साहेब, माझ्या टॉवरच्या वर 300 मीटर मोकळे सोडायला लावलेत. हरकत नाही, जनहित आहे. पण जागा माझ्या डोक्यावरची. तिचा टीडीआर कधी देताय?"