वडगावला येणाऱ्या पाहुण्यांसाठी सूचना

महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला आयुष्यात एकदा तरी वडगावला जावं लागतं. लग्न असतं, जमिनीचा व्यवहार असतो, बदली असते, नाहीतर कोणीतरी गेलेलं असतं. अशा वेळी माणूस पत्ता विचारत नाही. वडगाव हे नाव इतकं कानावरचं असतं, की आपण तिथं कधीच गेलेलो नाही हे त्याच्या ध्यानातच येत नाही. तो आहेराचं पाकीट खिशात घालतो आणि निघतो. पोहोचतोही वडगावलाच. फक्त तिथं लग्न नसतं, किंवा असलं तर दुसऱ्याचं असतं. प्रस्तुत सूचना अशा सज्जनांच्या हितासाठी, स्वानुभवातून आणि बऱ्याच मनस्तापातून तयार केल्या आहेत. प्रवासाला निघण्यापूर्वी त्या वाचाव्यात. निघाल्यावर वाचून उपयोग नाही.

पार्श्वभूमी

आपले पूर्वज गावाला नाव ठेवताना फार खल करत नसत. मान वर करायची. वड दिसला की वडगाव, पिंपळ दिसला की पिंपळगाव, बोर दिसली की बोरगाव, बाभूळ दिसली की बाभूळगाव. आज राज्यात ४० हजारांहून अधिक खेडी आहेत आणि नाव देण्याजोगी झाडं मोजून दहा-वीस. वड शेजारच्या शिवारातही उगवू शकतो, ही शक्यता कोणी विचारात घेतलेली दिसत नाही.

मग वडगावांच्या मागे शेपटं लागली. वडगाव शेरी, वडगाव मावळ, वडगाव निंबाळकर, वडगाव आनंद, वडगाव कांदळी, वडगाव रासाई, वडगाव काशिंबेग, वडगाव पान, वडगाव गुप्ता, वडगाव कोल्हाटी. कोल्हापूरकरांनी शेपटाऐवजी शिंग पसंत केलं आणि पेठ वडगाव केलं. तिथं सरसेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे, त्यामुळे त्यांना पुढे काही लावायचा अधिकार आहे असं आम्ही मानतो.

शेपटावर विसंबून मात्र राहू नये. वडगाव हवेली हे हवेली तालुक्यात नाही, कराड तालुक्यात आहे. हवेली तालुक्यात आहे ते वडगाव शिंदे. महादजी शिंद्यांनी इंग्रजांना कोंडलं ते वडगाव शिंद्यांचं नव्हे, मावळातलं. आणि वडगाव गुप्तामध्ये गुप्त असं काहीही नाही. ते अहिल्यानगरजवळ उघड्यावर आहे.

पायरी पहिली : दुसरा शब्द काढून घेणे

हीच पायरी खरी अवघड. कारण कुठल्याही वडगावकराच्या लेखी पृथ्वीवर वडगाव एकच असतं. शेपूट ही सरकारी कागदाची गरज, घरच्या माणसांत ते कोण लावतो? त्याला ‘कुठलं वडगाव?’ असं थेट विचारलंत, तर तो आधी गोंधळतो, मग किंचित दुखावतो आणि मग अधिक स्पष्ट करून सांगतो : ‘कुठलं म्हणजे? आपलं वडगाव!’

‘आपलं’ हे शेपूट कोणत्याही नकाशात नाही. ते ऐकून समाधान मानणाऱ्यांचा पुढचा दिवस फुकट गेलेला आम्ही पाहिला आहे.

म्हणून प्रश्न आडून विचारावा. ‘तालुका कोणता हो तुमचा?’ हा सभ्य प्रश्न आहे. ‘यष्टी कुठल्या स्टँडवरून सुटते?’ हा त्याहून चांगला. गाडीवरच्या पाटीत मोठ्या अक्षरांतलं वडगाव वाचू नये, त्याखाली बारीक अक्षरांत जे ‘मार्गे’ लिहिलेलं असतं ते वाचावं. महाराष्ट्राचा खरा भूगोल त्या ‘मार्गे’मध्ये आहे. जत्रेची चौकशी करणं सर्वांत उत्तम. ‘आषाढात मंगाईची जत्रा’ असं उत्तर आलं, तर आपण बेळगावातल्या वडगावाबद्दल बोलत आहोत. तिथं विणकरांचे माग आहेत, मराठी आहे, आदरातिथ्य आहे, पण राज्य कर्नाटकाचं आहे. संध्याकाळी परत येण्याचा बेत असेल तर तो तिथंच सोडावा.

पायरी दुसरी : बुद्रुक-खुर्द प्रकरण

एवढं करूनही काम संपत नाही, कारण काही वडगावांना भाऊ असतो. बुद्रुक हा फारसी ‘बुजुर्ग’चा मराठी मातीत मळलेला अवतार, म्हणजे थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. जुन्या कागदांत नुसतं ‘बु॥’ आणि ‘खु॥’ लिहून कारकून मोकळे होत. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द असे दोघेही नांदतात. कोणे एके काळी थोरल्यात घरं जास्त असतील. आज दोन्हीकडे इमारतींनी एकमेकींच्या खिडक्यांत डोकावण्याइतकी प्रगती केली आहे. कोण थोरलं आणि कोण धाकटं, हे आता फक्त सातबाऱ्याला ठाऊक.

इथं एक धोक्याची सूचना. इंग्रजी पाट्यांनी बुद्रुकचं ‘बी. के.’ आणि खुर्दचं ‘के. एच.’ केलं आहे. परगावाहून आलेला एक तरुण आमच्या सोसायटीच्या फाटकावर मला विचारत होता, की हे वडगाव बी. के. ज्यांच्या नावावर आहे ते बी. के. साहेब कोण? पुढारी होते का? मी होय म्हणालो. थोरले होते, हे तर खरंच आहे.

आणि हो, मी राहतो ते वडगाव बुद्रुकलाच. घरी आम्ही वडगाव म्हणतो. आपलं वडगाव.

पायरी तिसरी : चुकीच्या वडगावला पोहोचल्यावर काय करावे

आमच्या साडूंच्या मुलाचा साखरपुडा होता. फोनवर साडू म्हणाले, ‘मुलीकडचे वडगावचे आहेत, कार्यक्रम तिकडंच. निघालात की पोहोचलात.’ वडगावला राहणाऱ्या माणसाला वडगावचं आमंत्रण! मी इतका खूश झालो, की पुढे काही विचारलंच नाही. सकाळी अंघोळ करून, धोतर नेसून मी चालत दोन मंगल कार्यालयं पालथी घातली. एकीकडे मुंज होती, दुसरीकडे पाण्याच्या टाकीची दुरुस्ती. तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, ‘मावळातलं असेल. तिथं स्टेशनच आहे वडगाव नावाचं.’ स्टेशन असलेलं वडगाव हे खरं वडगाव, हा युक्तिवाद त्या क्षणी बिनतोड वाटला. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल धरली आणि तळेगाव गेल्यावर उतरलो.

साखरपुडा वडगाव निंबाळकरला होता. बारामती तालुक्यात. हे फलाटावर कळलं.

अशा प्रसंगी हताश होऊ नये, असं शास्त्र सांगतं. ज्या वडगावी आलो आहोत त्याचा लाभ घ्यावा. इतिहास पाहता, पुण्याला म्हणून निघून वडगावला पोहोचणाऱ्यांची मावळातली परंपरा फार जुनी आहे. राघोबादादांना पेशव्यांच्या गादीवर बसवायचं म्हणून मुंबईकर इंग्रजांची फौज घाट चढून पुण्याकडे निघाली. तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी पुढचा मुलूख जाळून ओस पाडला होता, दाणावैरण मिळेना, म्हणून ती रात्री गुपचूप मागे वळली आणि वडगावात सापडली. जानेवारी १७७९ मध्ये तिथं तह झाला. पुढे वॉरन हेस्टिंग्जनं कलकत्त्याहून तो मान्यच केला नाही, ही गोष्ट वेगळी. चुकीच्या ठिकाणी पोहोचलेल्या माणसाच्या सहीला वरिष्ठ किंमत देत नाहीत.

त्या मोहिमेतला कॅप्टन स्टुअर्ट कार्ल्याजवळ पडला. मराठ्यांना शत्रूचंही शौर्य आवडे, त्यांनी त्याचं ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलं. त्याची समाधी वडगाव मावळला आहे आणि लोक तिला नवस बोलतात. पुण्याला निघालेला एक साहेब वडगावात देव होऊन बसला, तर साखरपुड्याला निघालेल्या माझ्यासारख्यानं तक्रार ती काय करायची? मी समाधीला नमस्कार केला, नाक्यावर दोन वडापाव खाल्ले आणि साडूंना फोन करून सांगितलं की वाहतूक फार आहे.

पायरी चौथी : इतिहासात वडगाव आल्यास

हे वाचकांसाठी आहे, प्रवाशांसाठी नव्हे. पण सावध केलेलं बरं. रामदासी पंचायतनातले जयरामस्वामी वडगावकर हे वर सांगितलेल्यांपैकी कुठलेच नव्हेत. त्यांचं वडगाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात, आणि ते आज त्यांच्याच नावानं वडगाव जयराम स्वामी म्हणून ओळखलं जातं. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा नेऊन पोलिसांच्या गोळ्या झेललेले परशुराम घार्गे याच गावचे. इथं थट्टा थांबवून पुढे जाऊ.

त्याच पंचायतनातले रंगनाथस्वामी निगडीकर. ही निगडी म्हणजे भक्ती-शक्ती चौकातली नव्हे. ही कोरेगाव तालुक्यातली. आणि हे कोरेगाव म्हणजे कोरेगाव पार्क नव्हे, कोरेगाव भीमाही नव्हे, साताऱ्याचं कोरेगाव. खुलासा करायला गेलं की प्रत्येक खुलाशाला खुलासा लागतो, म्हणून शहाणे लोक इथं वही मिटतात. आंबेगावच्या वाटेला तर जाऊच नये. आमच्या शेजारी कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक आणि खुर्द आहेत. आंबेगाव तालुका मात्र पार जिल्ह्याच्या उत्तरेला, त्याची कचेरी घोडेगावला, आणि ज्या आंबेगावावरून त्या तालुक्याला नाव मिळालं ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. तिथं चुकून पोहोचण्याची सोयही राहिलेली नाही.

शिवाजीनगर, गांधी चौक आणि ‘मारुतीच्या देवळासमोर’ यांचा स्वतंत्र खंड काढण्याचा विचार होता. हयातीत शक्य नाही असं दिसल्यानं सोडून दिला.

पायरी पाचवी : पिनकोड, आणि तो लिहिताना हात न थरथरू देणे

या सगळ्या घोळावर एका मराठी माणसानंच उपाय काढला होता. श्रीराम भिकाजी वेलणकर. मूळ कोकणातल्या केळशीचे, संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. एकाच नावाची गावं, नाना लिप्या आणि पत्ता लिहिणाऱ्यांची अक्षरं यांना कंटाळलेल्या खात्यासाठी त्यांनी सहा आकड्यांची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. संस्कृत व्याकरण कोळून प्यालेल्या माणसानं शब्दांवरचा विश्वास काढून आकड्यांवर ठेवला, यावरून वडगावांनी काय छळ मांडला असेल याची कल्पना यावी.

योजना उत्तम आहे. पण नशीब पाहा. पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यालगत असलेल्या वडगाव शेरीचा पिनकोड ४११०१४. पुण्याच्या नैर्ऋत्येला, सिंहगड रस्त्याच्या बाजूला असलेल्या वडगाव बुद्रुकचा पिनकोड ४११०४१. चौदा आणि एकेचाळीस. शेवटच्या दोन आकड्यांनी जागा बदलली, की पार्सल अख्खं पुणे ओलांडून दुसऱ्या वडगावला जातं. आणि तिथलं वडगावही वडगावच असल्यामुळे कोणाला संशय येत नाही. महापालिका ‘वडगाव जलकेंद्र’ गुरुवारी बंद राहणार म्हणून जाहीर करते, तेव्हा आम्ही बादल्या भरतो हे योग्यच. शेरीतले माझे एक स्नेहीही भरतात. त्यांचं पाणी त्या केंद्रातून येत नाही, पण बातमीत वडगाव लिहिलंय ना.

तरी आकडे सावकाश लिहावेत, मोठ्यानं म्हणावेत आणि पत्त्यात शेरीला शेरी व बुद्रुकाला बुद्रुक म्हणावं. आपलं म्हणू नये.

जाहीर विनंती : वडगाव शेरीतल्या ज्या कुटुंबाकडे गेल्या महिन्यात पाच लिटरच्या कुकरचं रबर आणि दोन शिट्ट्या आल्या असतील, त्यांनी त्या वापरू नयेत, आमच्या आहेत. तुमची निळी छत्री आमच्याकडे सुखरूप आहे. पाऊस सुरू होण्यापूर्वी येऊन घेऊन जावी. पत्ता : वडगाव.